घरातील टेलिफोन वायरिंग आणि गेममधील लॅग: दोष कसा शोधावा, कसा काढावा

तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून ब्रॉडबँड घेऊन ऑनलाइन गेम खेळणाऱ्या अनेकांची एकच तक्रार असते. स्पीड टेस्टमध्ये आकडा चांगला येतो, व्हिडिओ न थांबता चालतात, आणि तरीही सामन्याच्या मोक्याच्या क्षणी आपले पात्र जागीच गोठते किंवा दोन पावले मागे फेकले जाते. यालाच लॅग म्हणतात. मी या अवस्थेत जवळपास आठ महिने काढले. त्या काळात मी राउटर बदलला, अधिक वेगाचा प्लॅन घेतला, गेमच्या सर्व्हरला दोष दिला. आणि दोष सापडला तो कपाटामागून जाणाऱ्या, वर्षानुवर्षे कोणीही न वापरलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरीत. ती मुळापाशी सोडवायला दहा मिनिटे लागली. तुमचा एवढा वेळ जाऊ नये म्हणून हा क्रम लिहून ठेवत आहे. ज्यांच्या घरात थेट फायबर आले आहे त्यांना यातील फारसे काही लागू पडणार नाही. मात्र एडीएसएल किंवा व्हीडीएसएल जोडणी असेल, म्हणजे तुमच्या मॉडेमला टेलिफोनची वायर जोडली जात असेल, तर पुढील मजकूर तुमच्यासाठी आहे.

वायर खराब असली की गेमचेच हाल का होतात

टेलिफोनवरील संभाषणाला सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, आणि जुन्या घरांतील वायरिंग तेवढ्याच कामासाठी टाकलेले असते. त्याच दोन तारांवरून एडीएसएल सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल २ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि व्हीडीएसएल २ प्रोफाइलनुसार साधारण ८, १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पाठवते. आवाजाला जराही न जाणवणारा सैल जोड किंवा पीळ नसलेली वायर या उच्च वारंवारतेच्या लहरींचे मोठे नुकसान करते. म्हणून फोनवर आवाज स्वच्छ येतो एवढ्यावरून वायर चांगली आहे असे समजू नये. मी नेमकी हीच समजूत कित्येक महिने बाळगली होती.

एडीएसएल मॉडेम हा पट्टा प्रत्येकी ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अरुंद कप्प्यांत विभागतो, प्रत्येक कप्प्यात गोंगाट किती आहे हे मोजतो, आणि त्यानुसार त्यात जास्तीत जास्त १५ बिट भरतो. वायर खराब असेल तर कप्प्यांत कमी बिट मावतात आणि वेग घटतो. पण गेम खेळणाऱ्याला त्याहून जास्त त्रास होतो तो चुकांचा. गेमला बँडविड्थ फारच थोडी लागते. बहुतेक गेम सेकंदाला काहीशे किलोबिटांच्या आत भागवतात. त्यांना हवी असते नियमितता. व्हिडिओ पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे मध्ये एखादे पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवले आणि पुन्हा मागवावे लागले तरी तुम्हाला ते कळत नाही. जलद गेम मात्र बहुधा यूडीपी ही डेटा पाठवण्याची पद्धत वापरतात, ज्यात हरवलेले पॅकेट आपोआप परत येत नाही, आणि आले तरी त्यातील स्थितीची माहिती तोवर शिळी झालेली असते. त्यात एडीएसएलवर प्रत्येक पॅकेट ५३ बाइटांच्या छोट्या सेलमध्ये कापून पाठवले जाते आणि त्यातला एक सेल बिघडला तरी संपूर्ण पॅकेट टाकून द्यावे लागते.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. चुका वाढल्या की लाइन सावरण्यासाठी सेवा कंपनीकडून इंटरलीव्हिंग चालू केले जाते किंवा ते अधिक खोल केले जाते. यात डेटा सलग न पाठवता विखरून पाठवला जातो, म्हणजे गोंगाटाचा एखादा झटका आला तरी प्रत्येक तुकड्याचा थोडाच भाग बिघडतो आणि चूक-दुरुस्तीच्या गणिताने तो परत मिळवता येतो. मात्र विखुरलेले तुकडे पुन्हा जुळवण्यासाठी पलीकडच्या टोकाला थांबावे लागते, आणि त्या थांबण्यामुळे पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, प्रत्येक वेळी १० ते ३० मिलीसेकंदांनी, कधी त्याहूनही अधिक वाढतो. अनेक कंपन्यांची यंत्रणा हे आपोआप करते. अशा रीतीने तुमच्या भिंतीमागचा एक गंजलेला जोड तुमचा पिंग चोवीस तास वाढवून ठेवतो, आणि त्याचा संबंध वायरीशी आहे हे मनातही येत नाही.

१. आधी गोळा करावयाच्या वस्तू आणि कागद

साहित्य फार लागत नाही. एक नेटवर्क केबल, पीळ असलेल्या तारांची एक आखूड डीएसएल केबल, एक किंवा दोन नवे मायक्रोफिल्टर (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे ठेवणारी छोटी डबी), साधा वायरवाला टेलिफोन (कॉर्डलेस नव्हे, कारण त्याचा स्वतःचा गोंगाट चाचणीत मिसळतो), स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि शक्य असल्यास मीडियम वेव्ह पकडणारा, बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ. सॉकेटमधील जोड नव्याने करायचे असतील तर तारा दाबून बसवण्याचे पंच टूल आणि जेल भरलेले दाब-जोडही आणावेत.

कागदांमध्ये जोडणीचा ग्राहक क्रमांक, करारात लिहिलेला वेग, आणि तारीख-वेळेसह आकडे नोंदवण्यासाठी एक वही. ही वही नंतर तक्रार करताना सर्वांत जास्त उपयोगी पडते, म्हणून ती कोरी सोडू नका.

२. वाय-फाय बाजूला काढा

संगणक नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा आणि घरातील बाकीची उपकरणे थोडा वेळ बंद ठेवा. आता राउटरच्या पत्त्याला सलग काही मिनिटे पिंग करा. उत्तर जेमतेम एका मिलीसेकंदात यायला हवे. तेच जर वर-खाली होत असेल तर दोष टेलिफोन वायरिंगच्या अलीकडे आहे आणि पुढच्या पायऱ्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

त्यानंतर राउटरच्या पलीकडच्या पहिल्या थांब्याला, म्हणजे ट्रेसराउटमध्ये (डेटा कोणकोणत्या थांब्यांवरून जातो ते दाखवणाऱ्या आज्ञेत) राउटरनंतर लगेच दिसणाऱ्या पत्त्याला, पिंग करून किमान, सरासरी, कमाल आणि हरवलेली पॅकेटे लिहून ठेवा. काही कंपन्यांचा हा थांबा पिंगला उत्तर देत नाही. तसे असेल तर त्याच्या पुढचा घ्या. गेमच्या दूरच्या सर्व्हरपेक्षा हा आकडा तुमच्या लाइनबद्दल अधिक खरे सांगतो. येथे एक फसगत टाळा: घरातले कोणी त्याच वेळी फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करत असेल तर अपलोडची रांग भरून पिंग शेकडो मिलीसेकंदांवर जातो. तो वायरिंगचा दोष नसतो, आणि वायर कितीही बदलली तरी तो जाणार नाही.

३. मॉडेमचे आकडे वाचायला शिका

मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर डीएसएल स्थिती किंवा लाइन आकडेवारी अशा नावाचा विभाग असतो. तेथील सिंक वेग म्हणजे मॉडेम आणि एक्स्चेंजमधील उपकरण यांनी आपसात ठरवलेला वेग. अटेन्युएशन म्हणजे लाइनवर सिग्नल किती क्षीण होतो ते. लाइन जितकी लांब तितके ते जास्त, आणि ते सहसा स्थिर राहते. ते एकाएकी वाढले तर जोड सैल झाल्याची शंका घ्यावी. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाट आणखी किती वाढला तरी लाइन तग धरेल याची शिल्लक. हे मार्जिन बहुधा ६ डेसिबलच्या आसपास ठेवलेले असते, आणि ते ३ च्या खाली घसरू लागले की लाइन तुटण्याची शक्यता वाढते.

आता चुकांचे रकाने पाहा. एफईसी म्हणजे झालेल्या पण दुरुस्त केलेल्या चुका. त्यांचा आकडा लाखांत असला तरी घाबरू नका. सीआरसी म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका, आणि ईएस म्हणजे ज्या सेकंदांत अशा चुका झाल्या त्यांची संख्या. गेममधील धक्के याच दोन रकान्यांत दिसतात. हे आकडे मॉडेम सुरू झाल्यापासूनची बेरीज दाखवतात, त्यामुळे नुसता एक मोठा आकडा पाहून काहीच सिद्ध होत नाही. आज ठरावीक वेळी आणि उद्या त्याच वेळी नोंद घेऊन फरक काढा. लाइन किती वेळ अखंड जोडलेली आहे तेही लिहा.

मार्जिन आणि वेग नेहमी एकत्र वाचावेत. मॉडेम मार्जिन खर्चून वेग मिळवतो, म्हणून केवळ मार्जिन कमी दिसले म्हणजे बिघाड झाला असे होत नाही.

४. मुख्य सॉकेटची चाचणी: हीच निर्णायक पायरी

बाहेरची लाइन घरात जेथे शिरते तेथे पहिला सॉकेट किंवा जोडपेटी असते. काही सॉकेटांमध्ये समोरचे अर्धे झाकण काढले की आत एक चाचणी सॉकेट दिसतो, आणि झाकण काढताच घरातील बाकीचे सगळे वायरिंग आपोआप तुटते. तशी सोय नसेल तर घराच्या आत जाणाऱ्या सर्व तारा त्या पहिल्या पेटीतून सोडवाव्या लागतात. सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला खूण करा. ही साधी काळजी न घेतल्यामुळे मला एकदा अर्धा दिवस तारा जुळवण्यात घालवावा लागला.

हे करताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नका. टेलिफोन लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात, पण घंटी वाजताना ७५ ते ९० व्होल्टांचा एसी दाब येतो आणि ओल्या हाताला त्याचा चांगलाच झटका बसतो. विजा चमकत असताना लाइनला हात लावू नका. जवळून विजेची वायर जात असेल आणि कोणती तार कशाची याची पूर्ण खात्री नसेल तर काम तेथेच थांबवून जाणकाराला बोलवा. कंपनीच्या बाजूची जोडपेटी उघडू नका; ती त्यांची मालमत्ता आहे.

आता आखूड डीएसएल केबलने मॉडेम थेट या पहिल्या सॉकेटला जोडा. घरात दुसरे काहीही जोडलेले नसावे, फोन तर नाहीच. सिंक होऊ द्या, आकडे लिहा, आणि निदान २४ तास तसेच राहू द्या. रात्रीच्या वेळा त्यात आल्याच पाहिजेत, कारण शेजारच्या लाइनींचा आणि विद्युत उपकरणांचा गोंगाट तेव्हा वेगळा असतो. मॉडेम दारापाशी जमिनीवर ठेवून एक दिवस काढणे गैरसोयीचे आहे हे मला मान्य आहे, पण या एका दिवसाने जे उत्तर मिळते ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने मिळत नाही. येथे सिंक वेग वाढला आणि सीआरसी झपाट्याने कमी झाल्या, तर दोष घरात आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष बहुधा घराबाहेर आहे, आणि तुम्ही थेट आठव्या पायरीवर जावे.

५. लाइनचा आवाज ऐका

वायरवाला टेलिफोन पहिल्या सॉकेटला लावा, कोणताही एक आकडा दाबून डायल टोन बंद करा आणि कान देऊन ऐका. शांतता असायला हवी. खरखर किंवा फटफट ऐकू आली तर कोठेतरी जोड खराब आहे. फोनची घंटी वाजताच नेट तुटते, पाऊस पडला की वेग घटतो, किंवा फोनवर बोलणे चालू असेपर्यंत नेट सुधारते, ही तिन्ही लक्षणे लिहून ठेवा. शेवटचे लक्षण विचित्र वाटले तरी त्याला कारण आहे: बोलताना लाइनमधून वाहणारा प्रवाह जोडावरील गंजाचा थर काही काळ भेदतो आणि संपर्क तात्पुरता सुधारतो.

६. घरातील गुन्हेगार ओळखा

बहुतेक घरांत दोष पुढीलपैकीच एक असतो. मी ते ज्या क्रमाने तपासावेत असे मला वाटते त्या क्रमाने दिले आहेत.

फिल्टर नसणे. लाइनवर जे काही जोडले आहे, मग तो फोन असो, फॅक्स असो, धोक्याची घंटा देणारी यंत्रणा असो, प्रत्येकाला फिल्टर हवा. एकाच उपकरणाचा फिल्टर राहून गेला तरी संपूर्ण लाइन बिघडते. मॉडेमला मात्र फिल्टरमधून जोडू नका, आणि फिल्टरला फिल्टर लावू नका. फिल्टर जुने होऊन निकामीही होतात, म्हणून नवा लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मोकळा फाटा. यावर थोडे थांबायला हवे, कारण माझा दोष हाच होता आणि तो सर्वांत कमी संशयित असतो. पूर्वी दुसऱ्या खोलीत फोन होता, तो काढला, वायर मात्र भिंतीतच राहिली. त्या वायरीच्या मोकळ्या टोकापर्यंत सिग्नल जातो, तेथून परावर्तित होऊन परत येतो, आणि मुख्य सिग्नलमध्ये उलट्या कलेत मिसळून त्याला काही ठिकाणी जवळपास पुसून टाकतो. तांब्याच्या अशा वायरीत सिग्नल सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. फाट्याची लांबी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी झाली की तेथे खड्डा पडतो. माझा फाटा सुमारे १५ मीटरचा होता. हिशेब केला तर खड्डा ३.३ मेगाहर्ट्झच्या जवळ यायला हवा, आणि त्याच्या तिप्पट व पाचपट ठिकाणी, म्हणजे १० आणि १६.७ मेगाहर्ट्झच्या आसपास, पुन्हा यायला हवा. मॉडेमच्या बिट-वाटपाच्या आलेखात ते खड्डे जवळपास तेथेच दिसले. या हिशेबावरून असेही लक्षात येईल की एडीएसएलला ३० ते ५० मीटरचे लांब फाटे जास्त बाधतात, तर व्हीडीएसएलला चार-पाच मीटरचा फाटाही पुरतो. म्हणूनच एडीएसएलवरून व्हीडीएसएलवर गेल्यावर त्याच घरात नव्याने त्रास सुरू झालेला अनेकदा दिसतो. आणि दूरच्या सॉकेटमधून फोन काढल्याने फाटा नाहीसा होत नाही. तो सुरुवातीच्या टोकाला, पहिल्या पेटीत, सोडवावा लागतो.

खराब जोड. दोन तारा हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर ती काढून टाका. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर तेवढा भाग कापून ताजी तार घ्या आणि जेल भरलेला जोड वापरा, म्हणजे ओल आत शिरणार नाही.

पीळ नसलेली वायर. टेलिफोनसोबत मिळणारी चपटी वायर दोन मीटरपर्यंत चालते. वीस मीटर ताणली तर ती अँटेनासारखे काम करते. पीळ दिलेल्या जोडीत दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि मॉडेम दोन तारांमधील फरकच वाचत असल्यामुळे तो वजा होतो. त्यासाठी दोन्ही तारा एकाच पिळातील असायला हव्यात. एका जोडीतील एक आणि दुसऱ्या जोडीतील एक अशी तार कोणी वापरली असेल तर फोन चालेल, ब्रॉडबँड रडेल. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या वायरिंगमध्ये घंटीसाठी एक तिसरी तार असते; तीही हा तोल बिघडवते आणि आजच्या बहुतेक फोनना तिची गरज नसते.

विद्युत गोंगाट. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे किंवा दिव्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांतून गोंगाट निघतो. मीडियम वेव्ह पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा, म्हणजे एडीएसएल २ प्लसच्याच हद्दीतला आहे. त्यामुळे रेडिओ डायलवर केंद्र नसलेल्या जागी लावून वायरीजवळून फिरवला तर गोंगाटाचा उगम कानाने शोधता येतो. घरातील एकेक उपकरण बंद करत जा आणि ऐका.

७. दुरुस्ती

माझी ठाम शिफारस अशी: लाइन घरात शिरते तेथेच एक मध्यवर्ती स्प्लिटर बसवा. त्याच्या फोनच्या बाजूला घरातील सर्व जुने वायरिंग जोडा, आणि डीएसएलच्या बाजूने मॉडेमपर्यंत एकच, अखंड, पीळदार वायर न्या. या एका बदलाने सगळे फाटे, सगळे फोन आणि बहुतेक जोड ब्रॉडबँडच्या वाटेतून बाजूला होतात, आणि प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावण्याची गरजही उरत नाही. मॉडेम स्प्लिटरच्या शेजारीच ठेवता आला तर उत्तमच; मग गेमच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते, उलट डीएसएलच्या वायरीचा प्रत्येक जादा मीटर गोंगाट गोळा करण्याची संधी असतो.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर आकडे लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही, आणि दोष परतला तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

दुरुस्तीनंतर मॉडेम सारखा बंद-चालू करू नका. स्वयंचलित यंत्रणेला प्रत्येक तुटलेली जोडणी ही लाइन अस्थिर असल्याची खूण वाटते, आणि ती वेग आणखी खाली आणते. काही दिवस शांत राहू द्या. सीआरसी कमीच राहिल्या आणि तरी पिंग उतरला नाही, तर कंपनीला लाइनचे प्रोफाइल नव्याने ठरवण्याची आणि इंटरलीव्हिंग कमी करण्याची किंवा फास्टपाथ, म्हणजे इंटरलीव्हिंगशिवायची जोडणी, देण्याची विनंती करा. दोन्ही बाजूंची उपकरणे जी.आयएनपी, म्हणजे बिघडलेला तुकडा लाइनवरच पुन्हा पाठवण्याची पद्धत, वापरू शकत असतील तर तीही मागा. तिच्यात एरवी विलंब फारसा वाढत नाही. ही विनंती वायरिंग दुरुस्त होण्याआधी करू नका. खराब वायरीवर फास्टपाथ मिळाला तर पिंगचा आकडा सुंदर दिसेल आणि पॅकेटे मात्र पूर्वीपेक्षा जास्त हरवतील.

८. दोष घराबाहेर असेल तर

तक्रार करताना गेममध्ये लॅग येतो असे सांगू नका. ते ऐकले की समोरची व्यक्ती सर्व्हरकडे बोट दाखवते आणि विषय संपतो. त्याऐवजी वहीतील नोंदी वाचून दाखवा: घरातील सर्व वायरिंग वेगळे करून, पहिल्या सॉकेटवर, अमुक तारखेपासून २४ तासांत इतक्या सीआरसी, इतके ईएस, इतक्या वेळा जोडणी तुटली, अटेन्युएशन आणि मार्जिन एवढे. फोनवर खरखर असेल तर ती तक्रार आधी नोंदवा, कारण आवाजातील दोष कोणालाही जागेवर ऐकवता येतो आणि तो नाकारणे कठीण असते. तक्रार क्रमांक घ्या आणि तो वहीत तारखेसह लिहा.

लाइन तपासायला तंत्रज्ञ येईल तेव्हा पाऊस किंवा घंटी यांसारखी तुम्ही टिपलेली लक्षणे त्याला सांगा; त्यावरून खांबावरच्या किंवा जमिनीखालच्या कोणत्या जोडावर संशय घ्यावा हे तो ठरवू शकतो. काम संपल्यावर तो निघण्यापूर्वी मॉडेमचे पान त्याच्यासमोर उघडा, नवा सिंक वेग आणि मार्जिन लिहून घ्या, आणि पुढचे २४ तास सीआरसी मोजल्याशिवाय तक्रार बंद करण्यास संमती देऊ नका.